पथारीपुरती जागा

तुडीलहून डोंगरात जायचं तर खाडीकडे पाठ करावी लागते. आमच्या खाडीपट्ट्यात सावित्रीचं मचूळ पाणी भरती-ओहोटीनं वरखाली होत असतं, आणि पूर्वेला, हवा स्वच्छ असेल तेव्हा, सह्याद्रीची भिंत उभी दिसते. महाड-म्हाप्रळ रस्त्यावरच्या आम्हा लोकांची नजर पिढ्यान्‌पिढ्या पश्चिमेला लागलेली. बाणकोटच्या तोंडातून आधी गलबतं गेली, मग माणसं मुंबईला गेली, मग कुवेत-दुबईला, दक्षिण आफ्रिकेला. समुद्रापलीकडे कोणी नाही असं घर शोधावं लागेल. पण त्या भिंतीपलीकडे, जेमतेम एका दिवसाच्या वाटेवर काय आहे असं विचारलं, तर प्रतापगड आणि महाबळेश्वर यांच्या पुढे फारसं कोणी जात नाही.

त्या भिंतीमागे कोयनेचं अभयारण्य आहे आणि त्याच्या दक्षिणेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा त्यात आल्या: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे जगानं जपण्याजोगा ठरवलेला डोंगर आमच्या परसदारी आहे, आणि आम्ही मात्र ओसरीवर बसून समुद्राकडे बघत आलो. हे मला फार दिवस सलत होतं. म्हणून पुतणीनं जेव्हा म्हटलं, ‘‘काका, यंदा जीप घेऊन, तंबू टाकत, डोंगरातून जाऊ या,’’ तेव्हा मी ताबडतोब हो म्हणालो आणि त्याच संध्याकाळी नकाशा पसरला.

पुतणी काही वर्षं अमेरिकेत नोकरीला होती. तिकडच्या डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानांमधून ती आणि तिच्या मैत्रिणी अशाच गाडीनं हिंडल्या आहेत. ती सांगते, तिथे उद्यानाच्या आतच तंबूंच्या जागा आखलेल्या असतात. प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, आणि अस्वलाला उघडता येणार नाही अशी जाड पत्र्याची पेटी, जिच्यात खाण्याच्या वस्तूच काय, दात घासायची पेस्टसुद्धा ठेवायची. जागा कित्येक महिने आधी राखून ठेवायची. त्या दिवशी त्या क्रमांकाची जमीन तुमची. तिला वाटत होतं, चांदोलीतही असं काहीतरी असेल. नसलं तर थोडंफार जुळवून घेता येईल.

तसं नाही. इथे अभयारण्याच्या आत आपण आपला तंबू ठोकून रात्र काढायची नाही. दिवसा प्रवेश घ्यायचा, वनखात्यानं आखलेल्या वाटेनं जायचं, संध्याकाळच्या आत बाहेर. वासोट्याला जायचं तर बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, होडीनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, गड चढून उतरायचं आणि दिवस मावळण्यापूर्वी परत होडीत. पावसाळ्यात हेही बंद. मला हे नियम योग्य वाटतात. ज्या जंगलात गवा, अस्वल, बिबट्या आहेत आणि जिथे ताडोबाकडून २०२५ मध्ये वाघीण आणून सोडली गेली, तिथे रात्र त्यांची असावी. आपण दिवसाचे पाहुणे. पण त्यामुळे सहलीचा सगळा प्रश्नच बदलतो. काय बघायचं हे ठरवायला एक संध्याकाळ पुरली. रात्री पाठ कुठे टेकायची हे ठरवायला आम्हाला आठवडे लागताहेत.

मार्ग मात्र लवकर ठरला, आणि तो पाण्यानं ठरवला. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली झेपावते आणि पोलादपूर, महाड करत आमच्या खाडीत येते. कोयना तिथूनच निघून दक्षिणेला जाते, डोंगराच्या मागच्या अंगानं, आमच्या भिंतीला समांतर, आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते. तिच्या दक्षिणेला वारणेचं खोरं. तेव्हा आमची वाट अशी: सावित्रीच्या काठानं वर चढत उगमापर्यंत, तिथून कोयनेचा हात धरून खाली, मग वारणेचं खोरं, आणि शेवटी आंबा घाटानं कोकणात उतरून संगमेश्वर, चिपळूण, खेड करत मंडणगडकडून म्हाप्रळला. निघताना गाव सोडायचं राजेवाडी फाट्याच्या दिशेनं, शिरायचं म्हाप्रळच्या दिशेनं. एकाच रस्त्याचं एक टोक जाताना, दुसरं येताना.

शेजारचे चाचा एसटीत चालक होते. आंबेनळी, वरंध, कशेडी, कुंभार्ली हे घाट त्यांच्या हाताखालून गेलेले. आम्ही त्यांना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘महिना कुठला?’’ कोकणातल्या माणसाला हा प्रश्न सगळ्यात आधी सुचावा यात नवल नाही. पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण तेवढ्यात आपण समुद्रसपाटीच्या जवळून १,३५० मीटरच्या वर जातो. पावसाळ्यात ही वाट केव्हा बंद होईल सांगता येत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये ती इतक्या ठिकाणी खचली की बराच काळ वाहतूक बंद होती. त्याच दिवसांत महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली आणि पोलादपूरकडे साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही माणसं गाडली गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण. यातली जुई तर आमच्या खाडीपट्ट्यातलीच. आमच्या भागात डोंगर हा नुसता बघायचा विषय कधीच नव्हता. पाऊस चार दिवस धरून लागला की डोंगराच्या पायथ्याची माणसं रात्री झोपत नाहीत.

आणि पूल. तुडीलहून गेलं की राजेवाडी फाट्यापाशी महामार्ग लागतो. तिथल्याच सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं. पुढचे कित्येक दिवस शोध चालला होता तो याच खाडीत, खाली समुद्राच्या तोंडापर्यंत. चाचांच्या ओळखीची माणसं त्यात होती. जून २०१७ मध्ये नवा पूल खुला झाला. आता गाडी त्यावरून काही सेकंदांत पार होते, पण चाचा त्या पुलावर अजूनही बोलणं थांबवतात. तेव्हा महिन्याचा प्रश्न सुटला: जून ते ऑक्टोबर नाही. पुतणीला धबधबे बघायचे होते. तिनं एकदाही हट्ट केला नाही.

घाटाविषयी चाचांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरून ठेवलं आहे. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नाही, ब्रेक तापले की ते धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण ती थांबली तर पुन्हा उचलणं कठीण. वळणावर हॉर्न, आणि हॉर्न दिल्यावर ऐकायचंही. कठड्याकडे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोलीहून सहलीला निघालेली बस दरीत गेली आणि तिच्यातला एकच जण वाचला, हे आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. चाचा म्हणाले, ‘‘घाट उजाडताना चढा. तेव्हा रस्ताही जागा असतो आणि तुम्हीही.’’

पहिला मुक्काम कुठे करायचा यावर थोडा वाद झाला. पुतणीला थेट महाबळेश्वर गाठायचं होतं. मला सावित्रीच्या खोऱ्यात, कड्याच्या खाली, एक रात्र हवी आहे. वर जो आर्थर सीट नावाचा प्रसिद्ध कडा आहे, तिथून पर्यटक सावित्रीचं खोरं खाली बघतात. आम्हाला ते खालून वर बघायचं आहे, कारण आम्ही खालचे आहोत. त्या कड्याला नाव ज्याचं पडलं तो आर्थर मॅलेट हा इंग्रज अधिकारी. त्याची बायको आणि तान्ही मुलगी याच नदीच्या मुखाशी, बाणकोटजवळ, होडी उलटून बुडाली अशी हकिगत सांगतात. नदीचा उगम बघत तो त्या कड्यावर का बसत असेल, हा प्रश्न महाबळेश्वरला घोड्यावर बसून येणाऱ्या माणसाला पडत नाही. खाडीकाठच्या माणसाला पडतो. त्या दोन टोकांच्या मधोमध आमचं गाव आहे.

वाद मिटला तो व्यवहारानं. पोलादपूरच्या वर एका वाडीत पुतणीच्या मैत्रिणीचं माहेर आहे. भातकापणीनंतर मोकळं झालेलं त्यांचं शेत आहे आणि शेजारी बारमाही झरा. त्यांनी म्हटलं, या. इतकं सोपं. त्या एका शब्दानं आमचा पहिला मुक्काम ठरला, आणि मला तेव्हा स्पष्ट दिसलं की आमच्या आखणीत खरं काम एवढंच आहे: प्रत्येक रात्रीसाठी कोणाची तरी परवानगी मिळवणं. कुठे ती वनखात्याची असेल, कुठे शेतमालकाची, कुठे झऱ्यावर आधी हक्क असलेल्या वाडीची. सह्याद्रीत मोकळी, कोणाचीच नसलेली जमीन असते असं शहरातल्या माणसाला वाटतं. डोंगरात राहणाऱ्याला ठाऊक असतं की प्रत्येक सपाटीला मालक आहे, प्रत्येक पाणवठ्याला पाळी आहे, आणि जिथे माणूस नाही तिथे कोणाची तरी गुरं नाहीतर कोणाची तरी देवराई आहे.

महाडच्या माणसानं हे विसरणं तर अगदीच अशक्य. आमच्या तालुक्यात माणसांच्या मोठ्या मुक्कामाची सगळ्यात काळजीपूर्वक आखणी झाली ती १९२७ च्या डिसेंबरात. त्या वर्षीच्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं होतं. डिसेंबरातल्या परिषदेसाठी हजारो माणसं येणार होती आणि गावातून बहिष्कार होणार हे आधीच दिसत होतं. मंडपासाठी जागा कोणी देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जमिनीवर मंडप उभा राहिला. बाजार शिधा विकणार नाही हे ओळखून अनंतराव चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धान्यापासून पाण्यापर्यंतची तजवीज आधीच केली. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून सुमारे दोनशे माणसांसह आगबोटीनं निघाले, कारण धरमतरवरून मोटारीनं येण्याची वाट भरवशाची राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तिथून सगळे महाडला चालत गेले. म्हणजे ती माणसं आमच्याच पाण्यातून वर गेली. मी लहान असताना हे मला कोणी सांगितलं नाही. मोठेपणी वाचलं तेव्हा त्या दिवसाची भरतीची वेळ काय असेल, असा विचार कितीतरी वेळ डोक्यात राहिला.

ते ज्या कारणासाठी आले होते ते कुठे आणि आमची हौसेची सहल कुठे. दोन्हींची तुलना मी करत नाही. पण पाणी कुठून मिळेल, जमीन कोण देईल, बाजार बंद झाला तर काय शिजवायचं, हे प्रश्न त्यांनी जितक्या गांभीर्यानं सोडवले तितक्या गांभीर्यानं मुक्कामाकडे बघायला हवं, एवढं त्यातून मी घेतलं आहे. आणि हेही, की आज आम्हाला ‘या’ म्हणणारं शेत सहज मिळतं. ज्यांना ते मिळत नव्हतं त्यांच्याच तालुक्यातून आम्ही निघतो आहोत.

आता थोडं सामानाविषयी, कारण पुतणीची यादी लांब आहे आणि माझी तोकडी. दोन तंबू, खाली अंथरायला जाड ताडपत्री, तिच्या स्लीपिंग बॅगा आणि माझं कांबळं. कपाळावर बांधायची विजेरी मला पटली. दोन्ही हात मोकळे राहतात. गॅसची छोटी शेगडी घ्यायचीच, कारण जंगलाच्या जवळपास चूल पेटवायची नाही हे आमच्यात पहिल्या दिवशीच ठरलं. जानेवारीनंतर सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं. एक ठिणगी पुरते आणि वणवा पुढच्या डोंगरापर्यंत जातो. वीस लिटरचे पाण्याचे कॅन. भाकरीचं पीठ, पोहे, मेतकूट, गूळ, शेंगदाणे. चाचांनी सुक्या जवळ्याची पुडी आणून दिली, आणि पुतणीनं ती गाडीतल्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकली: तंबूत मासळीचा वास नको. तिकडच्या अस्वलपेटीचा धडा इकडे असा कामाला आला. मला ते फार आवडलं.

तंबू आधी घरच्याच शेतात लावून बघायचा असं ठरवून आम्ही एक रात्र मळ्यात काढली. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणून पोपटी लावली. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मग मडकं उलटं करून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. रायगड जिल्ह्यातली माणसं थंडीत शेतावर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. पुतणीची पुण्यातली एक मैत्रीण त्या रात्री आली होती. तिनं शेंग सोलून तोंडात टाकली आणि विचारलं, तुम्ही लोक कॅम्पिंग कधीपासून करता? चाचा म्हणाले, ‘‘भात राखायला मळ्यावर झोपतो तेव्हापासून.’’ त्या रात्री दव इतकं पडलं की तंबूचं वरचं कापड पिळून काढावं लागलं, आणि तंबू वाऱ्याकडे पाठ करून लावायचे हे आम्हाला सरावानं कळलं.

दुसरा टप्पा कोयनेचा. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरलं की शिवसागर लागतो, कोयना धरणाचं पाणी. तिथे गाड्या तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. जीप पाण्यावरून नेण्याची पुतणीला भारी उत्सुकता आहे. मला उत्सुकता आहे ती पाण्याच्या दिशेची. कोयना पूर्वेला वाहणारी नदी, पण तिचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं आहे. ते पोफळीला खाली पडतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. सावित्री आपल्या आपण जे करते ते कोयनेकडून माणसानं करून घेतलं. महाराष्ट्राच्या कित्येक घरांतला दिवा त्यावर लागतो, माझ्याही घरातला.

त्या दिव्याखाली बसून मी नकाशावर शिवसागराच्या निळ्या रंगावर बोट फिरवतो तेव्हा बोटाखाली गावं येतात. धरणाचं पाणी साठू लागलं तेव्हा कोयनाकाठची कितीतरी गावं उठली. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणे आणि आमच्या रायगडातसुद्धा वसवली गेली. त्यानंतर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. मग १९८५ मध्ये काठावरचं जंगल अभयारण्य झालं आणि उरलेल्यांच्या गुरांना, हिरडा गोळा करण्याला, वाटांना बंधनं आली. चांदोलीतही तेच: वारणेवर धरण, १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि आतल्या गावांचं पुनर्वसन. आज तिथे गेलं की वाटाडे सड्यावर जुनी शेतं, घरांची जोती, चिंचा-आंब्याची लावलेली झाडं दाखवतात. जंगलात आंब्याचं झाड दिसलं की समजावं, इथे अंगण होतं.

पुतणीनं सांगितलं की हे तिकडेही झालं आहे. यलोस्टोन १८७२ मध्ये जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथे शोशोनी लोकांची वस्ती आणि शिकारीच्या वाटा होत्या. योसेमिटीच्या दरीतून तिथल्या मूळ रहिवाशांना कसं काढलं गेलं हे आता त्या उद्यानात येणाऱ्यांना सांगितलं जातं. म्हणजे ‘रान’ म्हणून जे आपण बघायला जातो ते पुष्कळदा रिकामं केलेलं घर असतं. यावर माझं मत असं की जंगल वाचलं हे चांगलं झालं, आणि ज्यांच्या जाण्यानं वाचलं त्यांना जे देणं होतं ते वेळेवर आणि पुरतं दिलं गेलं नाही. मला दोन्ही गोष्टी एकदमच म्हणायच्या आहेत. एक म्हणून दुसरी गिळणारी माणसं मला पटत नाहीत, मग ती वाघाच्या बाजूची असोत की धरणाच्या.

चांदोलीसाठी वारणेच्या बाजूनं, धरणाकडून प्रवेश घ्यायचा. उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटरचं. वारणा जिथे उगम पावते त्या पाथरपुंजच्या परिसरात गेल्या काही वर्षांत महाबळेश्वरपेक्षाही अधिक पाऊस नोंदला गेला आहे, आणि हिवाळ्यात तिथले झोळंबीसारखे सडे इतके कोरडे ठणठणीत असतात की तो पाऊस गेला कुठे असं वाटावं. तो गेला जांभ्याच्या भेगांतून खाली, आणि झऱ्यांनी थोडा थोडा परत येतो. झाडीत शेकरू, धनेश, आणि वाटेवर गवे. गव्याविषयी आम्हाला तिथल्या एका वनरक्षकानं फोनवर सांगितलं ते असं: गाडी थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न देऊ नका, तो जाईपर्यंत थांबा. उशीर झाला तर झाला. रात्रीचा मुक्काम उद्यानाच्या बाहेर, गावातल्या एका घरी, त्यांच्या अंगणात तंबू लावून. जेवण त्यांच्याकडेच, पैसे देऊन. मी मुद्दाम आग्रह धरला की शिधा आपण नेऊन तिथेही आपणच शिजवत बसायचं नाही. जंगलाच्या काठावर राहणाऱ्याला जंगल बघायला येणाऱ्याकडून चार पैसे मिळायला हवेत, नाहीतर त्याच्या पिकात घुसणाऱ्या गव्याचा भार त्यानं एकट्यानंच उचलायचा असं होतं.

इथवर सगळं जुळलं होतं. तारखा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या धरल्या होत्या: ओढ्यांना पाणी असतं, घाट मोकळे असतात, कानटाचं म्हणजे जळवांचं नाव नसतं, घरी भात झोडून झालेलं असतं. तराफ्याची वेळ, परवानगीचा अर्ज, बामणोलीजवळच्या शेतमालकाचा होकार, सगळं वहीत लिहिलेलं. जीपमध्ये चौथी जागा रिकामी होती, म्हणून मी ओळखीच्या एका गृहस्थांना विचारलं. ते आमच्याच जिल्ह्यातले, कोयनेच्या पुनर्वसित वसाहतीतले. त्यांचे वडील लहान असताना कुटुंब तिथून उठलं. त्यांना विचारताना माझ्या मनात एवढंच होतं की शिवसागराच्या काठावर रात्र काढताना कोणी तिथलं माणूस बरोबर असावं.

ते आनंदानं हो म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘पण दादा, जानेवारीत काय दिसणार? तेव्हा धरण भरलेलं असतं. आमचं गाव बघायचं तर मे महिन्यात जायला हवं. पाणी उतरतं, तेव्हा देवळाचं जोतं वर येतं. वडील एकदा जाऊन आले होते. मी अजून बघितलं नाही.’’

मी हे पुतणीला सांगितलं. मे म्हणजे ऊन, आटलेले झरे, पिवळा पडलेला सडा, महाबळेश्वरला गर्दीचा कहर. तिची सुट्टी जानेवारीतली मंजूर झालेली. ती काही वेळ वहीतल्या तारखांकडे बघत राहिली आणि मग तिनं त्या एकेक करून खोडल्या. आता सगळं नव्यानं मांडायचं आहे. पोलादपूरच्या वरचा झरा मेमध्ये किती चालतो हे विचारायचं आहे. नाही चालला तर पहिल्या मुक्कामाला पाणी इथूनच न्यावं लागेल, म्हणजे दोनाऐवजी चार कॅन. तराफा कमी पाण्यात कुठल्या धक्क्यावर लागतो हे तापोळ्याला फोन करून कळेल. चांदोलीत सकाळी लवकर आत जाऊन दुपारच्या आधी बाहेर पडायचं. महाबळेश्वरला थांबायचंच नाही, पंचगंगेच्या देवळात जाऊन थेट खाली. पावसाळ्यापूर्वी आंबा घाट उतरून घरी पोचायचं, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा नको, मधला हवा.

चाचांना हा बदल कळला तेव्हा ते म्हणाले की मेमध्ये घाटात रेडिएटर तापतो, आंबेनळी चढताना मध्ये दोनदा गाडी थांबवा, झाकण लगेच उघडू नका. आणि त्यांनी विचारलं की पाचवी जागा होईल का.